चूक जेव्हा आपल्या बाजूने बोलते

अभिनंदन आधी घे, उपदेश नंतर. तुळजापूर तालुक्यात सोयाबीन-तुरीच्या रानात मनोरा उभा करायचा, जमीन आणि हवा यांच्यात कार्बन डायऑक्साइडची देवघेव किती होते ते मोजायचं, आणि वर त्याचा पगारही मिळायचा! आईला अजून ते नीट उमगलेलं नाही. शेजारच्या काकूंना सांगत होती, "धाकटी आता हवा मोजती." तसं चुकीचं नाही म्हणा.

तुझं नेमणुकीचं पत्र वाचलं. त्यातले 'अचूक मोजमाप' हे शब्द मला जरा खटकले. म्हणून म्हटलं, तू रुजू व्हायच्या आधी निवांत बोलावं. या यंत्रांच्या सहवासात माझी बरीच वर्षं गेली. मी सांगणार आहे ते पुस्तकांत सापडतं, पण सुटं सुटं. ते एकत्र मांडून कुणी सांगत नाही, आणि खरी गोम एकत्र मांडल्यावरच दिसते.

आधी यंत्राचं काम माझ्या शब्दांत ऐक. मनोऱ्यावर मुख्य उपकरणं दोन. एक वारामापक. त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवाजाची लहर जायला किती वेळ लागला, यावरून वारा वर चाललाय की खाली, आणि किती वेगाने, हे कळतं. दुसरा इन्फ्रारेड विश्लेषक. वायूने प्रकाश किती गिळला, यावरून तो हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सांगतो. दोघंही सेकंदाला दहा वेळा नोंद करतात, म्हणजे अर्ध्या तासात १८,००० जोड्या. वर जाणाऱ्या झोतांत वायू किंचित जास्त आणि खाली येणाऱ्यांत किंचित कमी असेल, तर रान वायू सोडतंय. उलट असेल तर घेतंय. याला एडी कोव्हेरियन्स म्हणतात हे तुला ठाऊकच आहे. असे मनोरे जगात शेकडो आहेत. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने काझीरंगाच्या जंगलात लावलाय, मध्य प्रदेशात बैतूलच्या सागवानात इस्रोच्या प्रकल्पाचा आहे.

आता एक फरक मनात पक्का कर. हवेत वायू किती आहे हे मोजणं वेगळं आणि किती ये-जा झाली हे मोजणं वेगळं. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा प्रमाण दहा लाखात सुमारे ३१३ भाग होतं, आज ते ४२० च्या वर आहे. त्या कामात आता उत्तर गोलार्धातल्या प्रयोगशाळांनी एकमेकींशी ०.१ भागापर्यंत जुळावं अशी अपेक्षा असते. देवघेवीत असलं भाग्य नाही. तिथे १०-२० टक्क्यांनी चुकलं तरी लोक बरं चाललंय म्हणतात. तेव्हा वर्तमानपत्रात कीलिंगचा तो सुबक चढता आलेख पाहून आपलेही आकडे तसेच येतील, ही आशा सोडून दे.

आकडे इकडेतिकडे उडणार. एका अर्ध्या तासात वजा आठ (वजा म्हणजे रान वायू घेतंय), पुढच्यात वजा पाच, मग वजा अकरा. पहिल्या आठवड्यात तुझं धाबं दणाणेल. दणाणू देऊ नको. उसाच्या वजनाचंच बघ. काटा नुसता डळमळता असेल, कधी दहा किलो जास्त, कधी दहा किलो कमी दाखवत असेल, तर हंगामाच्या शेवटी शेतकऱ्याचं फारसं नुकसान होत नाही, सगळं आपसात फिटतं. पण काटा मारलेला असेल, प्रत्येक ट्रॉलीमागे थोडंच पण कमीच दाखवत असेल, तर बिलावर सही करताना बाराच्या भावात गेलेलं कळतसुद्धा नाही. तुझ्या मनोऱ्यावरही चुका या दोन जातींच्या आहेत. उडणाऱ्या आकड्यांची चूक वर्षभराच्या सरासरीत विरते. एकाच दिशेला झुकलेली चूक वर्षभर साठत जाते.

किती साठते? कागद घे. प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद ०.१ मायक्रोमोल, एवढीशी एकतर्फी चूक. दुपारी जोमात असलेलं सोयाबीन याच्या शंभरपट आणि त्याहून जास्त वायू घेतं, म्हणजे ही चूक आलेखात दिसणारही नाही. पण वर्षाचे सुमारे ३.१५ कोटी सेकंद धरून गुण. हेक्टरी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड होतो. आणि कार्बन क्रेडिट एका टनाला एक. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या चुकीत हेक्टरी एकाहून जास्त क्रेडिट हवेतून निर्माण होतं किंवा हवेत विरून जातं.

आता त्या एकतर्फी चुका. निवडक सांगते, ज्या आपल्या भागात हटकून भेटतील.

पहिली रात्रीची. दिवसा ऊन असतं, हवा घुसळली जाते, वायू मनोऱ्यापर्यंत पोचतो. पौष-माघातली शांत रात्र आठव, पानसुद्धा हलत नाही. माती आणि मुळं श्वास सोडतच असतात, पण तो वायू वर येतच नाही. जमिनीलगत साचतो, आणि बालाघाटचा उतार असेल तर थंड हवेबरोबर ओघळत दरीकडे निघून जातो. तुळजापूर, येडशीच्या बाजूला हे फार. मनोरा वर उभा, वायू खालून पसार. यंत्र म्हणतं, रात्री जवळजवळ काहीच सुटलं नाही. दिवसाचं घेणं पुरेपूर मोजलं, रात्रीचं सोडणं निसटलं, की बेरजेत रान आपोआप कार्बन साठवणारं दिसतं.

हार्वर्ड फॉरेस्टमधल्या नोंदींवर मायकेल गोल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे नीट मांडलं. तेव्हापासून उपाय ठरलेला आहे: हवेच्या घुसळणीचं एक माप असतं, घर्षणवेग. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की त्या अर्ध्या तासाचा आकडा काढून टाकायचा आणि वाऱ्याच्या रात्रींवरून, तापमानाच्या हिशेबाने तिथे अंदाज भरायचा. पण मर्यादा सेकंदाला ०.१ मीटर ठेवायची की ०.२, हे तू ठरवणार, आणि तेवढ्यावर वर्षाचं उत्तर बदलतं. म्हणून एकच मर्यादा घेऊन मोकळी होऊ नको. तीन-चार मर्यादांनी हिशेब कर आणि सगळी उत्तरं शेजारी शेजारी लिही. शिवाय एक उलटी गंमतही आहे. सकाळी ऊन चढलं की रात्री रानात साचलेला वायू एकदम वर येतो. रात्रीचा अंदाज भरलास आणि सकाळचा हा लोंढाही मोजलास, तर तोच वायू दोनदा मोजला गेला. त्यासाठी वेगवेगळ्या उंचीवरचं प्रमाण मोजून साठा किती झाला ते काढावं लागतं. हे खर्चिक म्हणून टाळतात. तू निदान मागून तरी बघ.

दुसरी उन्हाची. ही मला सगळ्यांत फसवी वाटते. एप्रिलमध्ये रान मोकळं असतं. नांगरट झालेली, हिरवं पान नाही, पाणी नाही. अशा रानाने वायू घ्यायचं काही कारण नाही. तरी उघड्या मार्गाचा विश्लेषक, म्हणजे ज्यात प्रकाश मोकळ्या हवेतूनच जातो तो, कच्च्या आकड्यांत भर दुपारी जोरात शोषण दाखवील. कारण साधं आहे. तापलेली हवा वर जाते आणि ती विरळ असते. विरळ हवेत घनमीटरमागे कार्बन डायऑक्साइडही कमी असतो. यंत्र घनमीटरमागे मोजतं, म्हणून त्याला दिसतं की वर जाणाऱ्या हवेत वायू कमी आहे. वेब, पिअरमन आणि ल्युनिंग यांनी १९८० मध्ये याची दुरुस्ती दिली, आज ती हिशेबाच्या प्रत्येक संगणक प्रणालीत बसवलेली असते. पण तिचा आकार बघ. रानातून चौरस मीटरला ३०० वॅट उष्णता वर जात असेल, तर आपल्या उंचीवर ही दुरुस्ती साधारण १४ मायक्रोमोल येते. मोकळ्या कोरड्या रानातून खरा सुटणारा वायू एखाद्या मायक्रोमोलच्या आसपास. उष्णता पाच टक्क्यांनी कमी मोजली गेली की ०.७ इतकं खोटं शोषण शिल्लक राहतं. चूक आणि उत्तर एकाच मापाचे झाले की!

हॅम आणि हाइलमन या दोघांनी २००३ मध्ये याची परीक्षा डांबरी पार्किंगवर घेतली. डांबर काही प्रकाशसंश्लेषण करत नाही, तेव्हा उत्तर शून्याजवळ यायला हवं. दुरुस्तीशिवाय डांबरही वायू पिताना दिसलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात वाद घालायला जागाच नाही. तुझं एप्रिलचं मोकळं रान हेच तुझं पार्किंग आहे. पेरणीआधीचे ते आठवडे वाया गेले असं कुणी म्हणालं तर ऐकू नको. तेव्हाचे आकडे सगळ्यांत बारकाईने पाहा. तिथे शोषण दिसलं तर सोयाबीनचे आकडेही संशयाच्या घेऱ्यात.

२००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातून बातमी आली होती की ते वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे १०० ग्रॅम कार्बन घेतं, म्हणजे काही जंगलांइतका. पाठोपाठ विल्यम श्लेसिंजर आणि सहकाऱ्यांनी विचारलं, मग तो कार्बन गेला कुठे? इतक्या वेगाने साठत असता तर झुडपांत किंवा मातीत तो दिसला असता. मला हा प्रश्न कुठल्याही समीकरणापेक्षा मोलाचा वाटतो. हां, आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, आणि चुनखडीच्या मातीतल्या पाण्यात रात्री गारव्याने थोडा वायू विरघळू शकतो. तेव्हा रात्री शोषण दिसलं की लगेच फेकूनही देऊ नको. नोंद ठेव, आणि मातीवर झाकणाचं चेंबर लावून पडताळ.

तिसरी पहिल्या पावसाची. केनियात काम करणाऱ्या बर्चने १९५८ मध्येच, म्हणजे कीलिंगच्या त्याच वर्षी, दाखवलं होतं की वाळलेली माती भिजली की सेंद्रिय पदार्थ एकदम झपाट्याने कुजतात. उन्हाळाभर निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत मातीतून वायूचा मोठा लोट निघतो. आपल्याकडे वळवाची सर किंवा मृगाचा पहिला पाऊस म्हणजे हाच मुहूर्त. आणि नेमकं तेव्हाच काय होतं? उघड्या विश्लेषकाच्या काचेवर थेंब, वारामापकाच्या टोकांवर थेंब, आकडे निरुपयोगी. वादळात वीज गेलेली, बॅटरी उतरलेली. प्रणाली ते तास रिकामे ठेवते आणि नंतर आजूबाजूच्या कोरड्या दिवसांवरून भरते. वर्षातला मोठ्यात मोठा लोट कोरड्या दिवसाच्या मापाने भरला जातो! पुन्हा रान साठवणारं.

त्यासाठी मातीवर ठेवायचं झाकणाचं चेंबर जवळ हवंच. पाऊस उघडल्यावर लगेच, मग दर तासाला. रात्र झाली तर एकटी जाऊ नको, हे ताई म्हणून सांगते, शास्त्र म्हणून नाही. शेतमालकांच्या घरातल्या काकूंना विचार, त्या येतील सोबत. पायात बूट घाल, हातात बॅटरी ठेव. भिजल्या काळ्या रानात घोणस दिसत नाही.

चेंबरच्या स्वतःच्या खोड्या आहेत. त्याची कडी मातीत रोवलीस की मुळं तुटतात आणि काही दिवस जास्तीचा वायू निघतो, म्हणून आधी रोवून ठेव, मग मोज. झाकण जास्त वेळ ठेवलं की आत वायू साचतो आणि मातीतून येणारा प्रवाहच मंदावतो. सरळ रेष ओढलीस तर उत्तर कमी येईल, सुरुवातीच्या मिनिटांचा चढ घे. झाकण लावताना तोंड बाजूला कर. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के असतो, म्हणजे दहा लाखात चाळीस हजार, आणि तू शोधतेस तो पाच-दहा भागांचा फरक. आणि आपली माती! पावसाळ्यात फुगते, दिवाळीनंतर आकसते आणि कडीभोवती फट पडते. फटीतून गळती, उत्तर कमी. उन्हाळ्यात तर हात जाईल एवढ्या भेगा. कडी भेगेवर बसत नाही म्हणून सगळे सपाट जागा निवडतात. पण रात्री वरची हवा गार आणि भेगेतली उबदार असते, ती वर येते आणि खोलवरचा वायू बरोबर आणते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात खडकांच्या भेगांत हे मोजलेलं आहे. तू भेगा टाळल्यास तर सोडणं पुन्हा कमीच दिसणार. एखादी तरी मोठी कडी भेग आत घेऊन बसव, सीलबंद करायला कितीही कटकट झाली तरी.

आता मोजून बघ, किती चुका एकाच बाजूला झुकल्या. रात्र, ऊन, पहिला पाऊस, भेगा. चारही म्हणतात, रान कार्बन धरून ठेवतंय. आणि ऐकणाऱ्यांना काय ऐकायचंय? प्रकल्पाला तेच हवं, क्रेडिट विकणाऱ्याला तेच हवं, शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळतील म्हणून तेच हवं. खरं सांगू? तुलाही तेच हवं असेल. नकोसं उत्तर आलं की माणूस दहा वेळा तपासतो, हवंसं आलं की चहा घ्यायला जातो. तू उलट कर. उत्तर आवडलं त्या दिवशी जास्त वेळ बस.

मनोऱ्याला दिसतं कोणतं रान, हाही घोळ आहेच. मनोरा वाऱ्याकडच्या बाजूचं रान मोजतो, पायाखालचं नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडून. पश्चिमेला सोयाबीन आणि पूर्वेला शेजाऱ्यांचा ऊस असेल, तर तू खरीप आणि रब्बीची तुलना म्हणून जे छापशील ती दोन वेगळ्या शेतांची तुलना असेल. गोव्यात काब द रामाच्या कड्यावर १९९३ ते २००२ हवेचे नमुने बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगशाळेत जात, तिथेही हेच दिसतं: मोसमी वाऱ्यात समुद्राची हवा, हिवाळ्यात भारताच्या भूमीवरची. त्यांना ते ठाऊक होतं म्हणून नमुन्यांना अर्थ आला. आपल्याकडे बांधाबांधाला पीक बदलतं, तेव्हा प्रत्येक अर्ध्या तासाबरोबर वाऱ्याची दिशा ठेव. मनोरा सोलापूर रस्त्याजवळ असेल तर कोजागिरीच्या आसपास पायी चालत येणारे भाविक आणि त्यांच्या मागच्या गाड्या आकड्यांत उतरतील. शेळ्याही उतरतील. उस्मानाबादी शेळी सावलीला मनोऱ्याखाली बसते, श्वास सोडते आणि केबल चावते. कुंपण पहिल्या दिवशी घालून घे.

आणि काही कार्बन तर मनोऱ्याला दिसतच नाही. सोयाबीन मळून पोत्यांत गेलं, भुसकट गुरांपुढे गेलं, शेजारचं पाचट रात्रीत पेटवलं. रानाने घेतलेलं असं बैलगाडीतून आणि ट्रॅक्टरमधून निघून जातं, मग बाजारात, गोठ्यात किंवा कुणाच्या पोटात हवेला परत मिळतं. शेतमालकांकडून पोत्यांचा हिशेब घेतल्याशिवाय बेरीज पुरी करू नको. कोळपणी कधी झाली, खत कधी पडलं, फवारणी, पाणी, सगळं त्यांना विचारून रोजच्या वहीत लिही. प्रणालीतली कुठलीही फाइल हे सांगत नाही.

दर आठवड्याला उष्णतेचा ताळा मात्र चुकवू नको. सूर्याकडून आलेली निव्वळ ऊर्जा एका बाजूला, आणि हवा तापवण्यात, पाण्याची वाफ करण्यात, मातीत शिरण्यात गेलेली दुसऱ्या बाजूला. जुळत नाहीच. २००२ मध्ये विल्सन आणि सहकाऱ्यांनी २२ ठिकाणं तपासली तेव्हा सरासरी सुमारे २० टक्के तूट निघाली. तुझीही तेवढी निघाली तर लाजायचं कारण नाही. पण ती अचानक ३५ झाली तर काचेवर धूळ, कोळ्याचं जाळं किंवा कललेली दांडी शोध. आपल्याकडे बहुधा धूळच.

तुझ्या प्रकल्पातल्या सरांना आलेख गुळगुळीत हवा असेल. त्यांना नाही म्हणू नको, दोन आलेख दे. एक भरलेला, एक ज्यात भरलेली जागा वेगळ्या रंगात आहे. वर्षाच्या किती टक्के अर्ध्या तासांचे आकडे खरे मोजलेले आहेत, हे पहिल्याच पानावर लिही. शेतकरी काका विचारतील, "ताई, आमच्या रानानं कार्बन धरला किती?" तेव्हा एक आकडा तोंडातून जाऊ देऊ नको. इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि कदाचित काहीच नाही, असं सांग. पावसावर पेरणी करणारी माणसं आहेत ती, त्यांना अंदाजाची भाषा तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली कळते. कुणी कंपनीवाला कागद घेऊन त्यांच्या दारात आलाच तर हिशेबातल्या चुकीची पट्टी किती रुंद आहे ते त्याला विचारायला सांग.

आणि हो, विसरायच्या आधी, प्रमाणित वायूच्या सिलिंडरचं. तो अगदी तळापर्यंत वापरू नको. दाब २०-३० बारपर्यंत उतरला की आतल्या भिंतींना चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि लेबलवरच्या आकड्यापेक्षा आतलं प्रमाण वाढतं. त्यावर यंत्र जुळवलंस की ते पुढचं सगळं कमी वाचणार. नवा सिलिंडर मागवून तो धाराशिवपर्यंत पोचायला किती दिवस लागतील ते गृहीत धरू नको. जुना निम्मा झाला की मागणीचं पत्र टाक, आणि पोच घेऊन ठेव.